जॉर्ज टाउनचा साइटमॅप

चेन्नईच्या जॉर्ज टाउनमध्ये लग्नपत्रिकेचा कागद हवा असेल तर दुकानाचं नाव विचारायचं कारण नाही. अँडरसन स्ट्रीट म्हटलं की झालं. घाऊक कापडाला गोडाउन स्ट्रीट, दागिन्यांना एनएससी बोस रोड. बोहरी आळी नि तांबट आळी ठाऊक असलेल्या पुणेकराला यात नवल वाटणार नाही. वेबसाइटची रचना ठरवणारेही हेच करतात: मालाच्या गल्ल्या पाडतात आणि कागदावर त्यांचं झाड काढतात. मुखपृष्ठ वर, त्याखाली विभाग, त्याखाली पानं.

आता या गल्ल्यांचीच वेबसाइट करायची ठरवा आणि थंबू चेट्टी स्ट्रीटवरच्या कालिकांबाळ मंदिराचं पान कुठे ठेवायचं ते सांगा. 3 ऑक्टोबर 1677 रोजी शिवाजी महाराज इथे दर्शनाला आले होते, असं मंदिर सांगतं. मग ते पान ‘मंदिरं’मध्ये जाईल, ‘थंबू चेट्टी स्ट्रीट’मध्ये, की ‘मराठ्यांचा दक्षिण दिग्विजय’मध्ये? झाडावर एका पानाला एकच फांदी मिळते, आणि वाचक तर तिन्ही बाजूंनी येणार.

गंमत म्हणजे याच शहरात हा पेच वेबच्या कितीतरी आधी सुटला होता. गणिताचे अध्यापक एस. आर. रंगनाथन 1924 मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. ग्रंथालयशास्त्र शिकायला लंडनला गेले असताना तिथल्या एका दुकानात त्यांनी मेकॅनोचा संच पाहिला. तेच मोजके तुकडे, पण जोडाल तसं खेळणं! 1933 मध्ये त्यांची कोलन वर्गीकरण पद्धत छापून आली. तिच्यात पुस्तकाला फांदी नेमून देत नाहीत, पैलू जोडत नेतात. ‘फुप्फुसांच्या क्षयावर क्ष-किरणांनी उपचार, यावर भारतात 1950 मध्ये झालेलं संशोधन’ हा विषय घ्या. एल म्हणजे वैद्यक, 45 फुप्फुसं, 421 क्षय, 6 उपचार, 253 क्ष-किरण, एफ संशोधन, 44 भारत, एन5 म्हणजे 1950. मधे स्वल्पविराम, कोलन वगैरे टाकले की एका ओळीत सगळं मावलं. खरेदीच्या साइटवर आपण रंग, माप, किंमत यांवर टिचक्या मारत माल गाळत जातो, त्यामागे हीच बुद्धी आहे.

म्हणून साइटचा असा आराखडा काढायला सॉफ्टवेअर निवडण्याआधी आपला माल झाडाचा आहे की पैलूंचा, हे पाहावं. झाडाचा असेल तर एक्समाइंड किंवा ड्रॉ.आयओ पुरतं, चौकटी भराभर हलवता येतात आणि बैठकीत सगळ्यांना दिसतात. पैलूंचा असेल तर चित्र लगेच गुंत्याचं होतं. तिथे साधी एक्सेलची शीट बरी: एका ओळीत एक पान, एका रकान्यात एक पैलू. दिसायला रुक्ष, पण माझं मत विचाराल तर पहिला मान तिलाच.

शिवाय चित्रात इतिहास मावत नाही. जॉर्ज टाउनचा ब्रॉडवे कागदोपत्री प्रकाशम सालै झाला, फर्स्ट लाइन बीचचा राजाजी सालै झाला; तरी लोक अजून ब्रॉडवेच म्हणतात. वेबसाइटवरही जुने पत्ते लोकांच्या बुकमार्कांत राहून जातात. तिथे 301 हा आकडा कामी येतो: ब्राउझरला सर्व्हर सांगतो की हे पान कायमचं हललं, नवा पत्ता हा. हा जुना-नवा हिशेब ठेवायला शीटमध्ये एक रकाना वाढवला की भागतं.

हे झालं ठरवलेल्या रचनेचं. प्रत्यक्षात काय उभं आहे ते पाहायला स्क्रीमिंग फ्रॉगसारखा क्रॉलर लागतो. मुखपृष्ठावरून तो एकेक लिंक धरून साइटभर फिरतो आणि भेटलेल्या पानांची यादी देतो. फुकटात 500 पत्त्यांपर्यंत. पण ज्या पानाकडे एकही लिंक जात नाही ते त्याला अशा फेरीत सापडणारच कसं? अशी अनाथ पानं शोधायची तर सर्च इंजिनांसाठी ठेवलेली एक्सएमएल साइटमॅपची फाइल काढावी. तिच्यात 50,000 पत्ते मावतात. ती क्रॉलरच्या यादीशेजारी मांडायची आणि फाइलमध्ये असून यादीत नसलेले पत्ते वेगळे काढायचे. त्यातली ठेवायची कुठली आणि पुसायची कुठली, हे मात्र माणसालाच बसून ठरवावं लागतं.