छोटं अनुदान, मोठे गैरसमज

पुण्याजवळ मुळशी तालुक्यातल्या युनायटेड वर्ल्ड कॉलेजात शिकलेला विद्यार्थी अमेरिकेतल्या ठरावीक महाविद्यालयांत पुढे शिकायला गेला, तर त्याला गरजेनुसार डेव्हिस शिष्यवृत्ती मिळू शकते. याच महाविद्यालयांतल्या पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘प्रोजेक्ट्स फॉर पीस’ नावाचं आणखी एक अनुदान आहे. कॅथरीन वासरमन डेव्हिस यांनी २००७ साली वयाची शंभरी गाठली, तेव्हा शंभर प्रकल्पांना प्रत्येकी १०,००० डॉलर, म्हणजे एकूण १० लाख डॉलर देऊन त्यांनी हा उपक्रम सुरू केला. सुट्टीतलं काम विद्यार्थ्यांनीच आखायचं आणि राबवायचं, ठिकाण जगात कुठलंही असो. २०१३ मध्ये १०६ वर्षांच्या होऊन त्या वारल्या. उपक्रम मात्र चालू राहिला. अशा अनुदानांबद्दल जे गैरसमज ऐकू येतात, ते बहुतेक एकाच ठिकाणाहून निघतात: आपण फक्त रक्कम मोजतो, तिच्याबरोबर निर्णय घेण्याचा अधिकारही हाती येतो हे विसरतो.

एवढ्याशा पैशात काय होणार, ही पहिली शंका. अमेरिकेत एका पूर्णवेळ कर्मचाऱ्याच्या दोन-तीन महिन्यांच्या पगारात १०,००० डॉलर संपतात, हे खरं. पण आजच्या दराने ही रक्कम आठ लाख रुपयांहून अधिक होते. आपल्याकडच्या एखाद्या गावात तेवढ्यात शाळेसाठी वाचनालय उभं राहतं, बायकांच्या गटाला शिलाई मशीन घेता येतात, वर प्रशिक्षणाचा खर्चही निघतो. शिवाय रक्कम आटोपशीर असण्याचा एक फायदा सहसा लक्षात येत नाही. पैसा कमी असला की इमारत बांधायचा मोह आवरतो आणि नेमकं काय करायचं ते आधी ठरवावं लागतं. मोठ्या निधीत चुकीची कल्पनाही वर्षानुवर्षं तग धरते. इथे ती एका सुट्टीत उघडी पडते.

पोरांच्या हाती पैसा दिला की तो उडणार, ही शंका पालकांपेक्षा संस्थाचालकांना अधिक छळते. प्रत्यक्षात प्रस्तावाची पहिली चाळणी महाविद्यालयातच होते, तिथून शिफारस पुढे जाते आणि मगच अंतिम निवड होते. प्रस्तावासोबत अंदाजपत्रक जोडावं लागतं. काम झाल्यावर अहवाल आणि हिशेब द्यावा लागतो. उधळपट्टीची शक्यता शून्य नाही, पण ती कुठल्याही अनुदानात शून्य नसते.

खोलवर रुजलेला समज वेगळाच आहे: शिष्यवृत्ती घेतलीस, आता सेवा करून फेड. याला आपल्याकडे जुना आधारही आहे. १९१३ मध्ये परदेशी शिक्षणासाठी बडोदा संस्थानाची शिष्यवृत्ती घेताना डॉ. आंबेडकरांना शिक्षणानंतर दहा वर्षं संस्थानाची नोकरी करण्याचा करार करावा लागला होता. तो व्यवहार राज्यकारभाराला माणसं मिळवण्याचा होता आणि त्या काळात समजण्यासारखा होता. प्रकल्प-अनुदानाची जात निराळी. ‘प्रोजेक्ट्स फॉर पीस’साठी शिष्यवृत्ती असण्याची अटही नाही, सहभागी महाविद्यालयातला पदवीचा कुणीही विद्यार्थी, एकटा किंवा गटाने, अर्ज करू शकतो. तरीही शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्याला त्याचं मोल जास्त, कारण घरच्या पैशावर सुट्टीत फुकट काम करणं त्याला परवडत नाही. अनुदान नसेल तर समाजसेवा ही खात्यापित्या घरच्या मुलांची मक्तेदारी होऊन बसते. अभ्यास बुडेल असं म्हणणाऱ्यांना एवढंच उत्तर पुरे की काम सुट्टीतलं आहे.

एक आक्षेप मात्र मला मान्य आहे. विद्यार्थी परत गेला की काम विझतं. इथे आपली राष्ट्रीय सेवा योजना सरस ठरते. १९६९ साली सुरू झालेल्या या योजनेत महाविद्यालय गाव दत्तक घेतं, स्वयंसेवक बदलले तरी गावाशी असलेलं नातं टिकू शकतं. पण तिथे काम बहुधा कार्यक्रम अधिकारी ठरवतो, विद्यार्थी ते पार पाडतो. दोन्हींचे गुण एकत्र आणायचे तर पहिल्या वर्षाची रक्कम वाढवण्यापेक्षा, त्याच गावातल्या कुणाच्या तरी नावे दुसऱ्या वर्षासाठी थोडी रक्कम राखून ठेवणं मला अधिक शहाणपणाचं वाटतं. प्रस्ताव निवडताना ते नाव आधीच विचारलं, तर कच्चे प्रस्ताव तिथल्या तिथे गळतील.