काडु मल्लेश्वराचा शेजार

बेंगळुरूला मॅजेस्टिकवरून मेट्रोच्या हिरव्या मार्गिकेने उत्तरेकडे निघालं, की पुढचंच स्थानक संपिगे रोड. बाहेर पडताच भलामोठा मॉल अंगावर येतो. त्याला वळसा घालून संपिगे रस्त्याने नाकासमोर चालत राहावं. आठव्या क्रॉसपाशी फुलवाल्या बसलेल्या असतात. त्यांचं माप ‘मोळ’, म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत. दोन मोळ मोगरा, चार मोळ शेवंती असा हिशोब. आणखी काही क्रॉस मागे टाकून आत शिरलं, की झाडी दाट होते, पिंपळाखाली नागशिळा दिसू लागतात आणि वर चढणाऱ्या पायऱ्यांच्या टोकाशी मल्लेश्वराचं देऊळ येतं. बेंगळुरूकर या देवाला ‘काडु मल्लेश्वर’ म्हणतात. काडु म्हणजे रान.

रान कधीच गेलं, त्या रानाकाठचं मल्लापुर हे खेडंही गेलं. देवाच्या नावावरून वस्तीला मिळालेलं मल्लेश्वरम हे नाव आणि खेड्यात असते तशी एकमेकांची वास्तपुस्त मात्र राहिली. माझ्या अनुभवात ही वास्तपुस्त टिकवण्याचं निम्मं काम गाण्याने केलं.

मल्लापुरचं इनाम

या खेड्याच्या इतिहासात मराठी माणसाला ओळखीचं एक नाव भेटतं. १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने केंपेगौडांकडून बेंगळुरू घेतलं आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. त्यांच्यामागे जहागीर व्यंकोजीराजांकडे, म्हणजे शिवरायांच्या सावत्र भावाकडे गेली. मल्लापुरच्या मल्लिकार्जुनासाठी, म्हणजे याच मल्लेश्वरासाठी, व्यंकोजीराजांनी मेदारनिंगनहळ्ळी हे गाव इनाम दिल्याचं १६६९ चा कानडी शिलालेख सांगतो. म्हणजे तेव्हा देऊळ होतंच, त्याच्या दिवाबत्तीची सोय मराठ्यांनी लावून दिली. पुढे व्यंकोजीराजे तंजावरला गेले आणि तिथे राज्य स्थापून बसले. १६८७ मध्ये बेंगळुरू मोगलांच्या हाती पडलं आणि नंतर म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयरांकडे गेलं. जेमतेम पन्नास वर्षांची मराठी अमदानी संपली.

मल्लापुरचं उपनगर झालं ते प्लेगमुळे. १८९८ मध्ये बेंगळुरूच्या पेठेत प्लेगने थैमान घातलं आणि दाटीवाटीची घरं सोडून लोक मोकळ्या हवेकडे निघाले. दक्षिणेला बसवनगुडी आणि वायव्येला मल्लेश्वरम अशा दोन आखीव वस्त्या वाढल्या. सरळ ‘मेन’, त्यांना छेदणारे ‘क्रॉस’ आणि घरांच्या पाठीमागे सफाईसाठी ठेवलेले अरुंद बोळ. या बोळांना आजही ‘कन्झर्वन्सी लेन’ म्हणतात. आखणी करणाऱ्यांच्या डोक्यात आरोग्य होतं. आम्हा मुलांना त्या बोळांचे दोनच उपयोग ठाऊक होते : क्रिकेट, आणि कुणाच्या घरात आज काय शिजतंय, काय वाजतंय याचा माग काढणं.

वठारातली सकाळ

माझे वडील जलहळ्ळीच्या एका कारखान्यात होते. आमचं बिऱ्हाड मल्लेश्वरममधल्या एका वठारात. पुण्या-सांगलीकडच्या वाचकाने वाडा डोळ्यांपुढे आणावा : मधे अंगण, एक सामाईक नळ, दोन्ही अंगांना दोन-दोन खोल्यांची बिऱ्हाडं, आणि रस्त्याकडच्या मोठ्या घरात मालकीणबाई. त्यांना सगळेच ‘अज्जी’ म्हणत. डावीकडे कुंभकोणमच्या मामी, उजवीकडे उडुपीकडचं कुटुंब, समोर धारवाडचे मास्तर. आमच्या घरात मराठी, अंगणात कानडी, आणि भांडण फार वाढलं तर ज्याची त्याची भाषा.

सकाळी नळाला पाणी यायच्या आधी स्वर यायचे. कर्नाटक संगीत शिकणारं प्रत्येक मूल ‘सरळी वरसे’पासून सुरुवात करतं. मायामाळवगौळ रागातल्या या स्वरावली आहेत, आणि त्या घालून देण्याचं श्रेय परंपरा पुरंदरदासांना देते. हिंदुस्तानी कानाला तो राग भैरवाच्या घरचा वाटतो. वठारातल्या तीन घरांत तीन मुली त्याच स्वरावली तीन वेगळ्या पट्ट्यांत घोटायच्या. मधेच कुणी चुकलं, की चूक ज्या घरातली असेल त्याच्या पलीकडच्या घरातून दुरुस्ती यायची. मामी डोशाचं पीठ वाटतावाटता ओरडत, ‘‘रि खाली घे गं!’’ ज्या मुलीला उद्देशून हे असे ती त्यांची कुणी नव्हती. तिच्या आईला यात काही वावगं वाटत नसे. उलट शिकवणीचे पैसे वाचले, असं ती बोलून दाखवायची.

धारवाडच्या मास्तरांचं या सगळ्याशी जमत नसे. त्यांचं दैवत भीमसेन जोशी. संध्याकाळी ते खुर्ची अंगणात टाकून एकटेच तोडी नाहीतर पूरिया गुणगुणत. तोडी संध्याकाळी गाऊ नये, असं आईने एकदा भीत भीत सुचवलं. सकाळी या मुली गाऊ देत नाहीत, असं त्यांचं उत्तर होतं.

आई अभंग म्हणायची. मामींनी त्यातला एक ऐकून ऐकून उचलला, शब्द तमिळ लिपीत वहीत उतरवून घेतले आणि शुक्रवारच्या भजनात म्हणायला सुरुवात केली. मामींच्या तोंडी ‘ळ’ चोख असायचा, ‘झ’ मात्र शेवटपर्यंत वळला नाही. विठ्ठल मराठी लोकांचा, हे अज्जींना मान्य नव्हतं. पुरंदरदासांच्या प्रत्येक पदाअखेर ‘पुरंदर विठ्ठल’ ही मुद्रा येते, मग तो आमचाच, असा त्यांचा साधा हिशोब होता. हा वाद कधी मिटला नाही, आणि त्यापायी आषाढीला आमच्याकडचा साबुदाणा अज्जींकडे व अज्जींकडचं पायसम आमच्याकडे जायचं मात्र कधी चुकलं नाही. आज कर्नाटक मैफलींच्या शेवटच्या भागात अभंग सर्रास ऐकू येतो, अरुणा साईराम यांनी तर तो जगभर पोचवला. मला मात्र तो प्रवास मामींच्या वहीपासून सुरू झाल्यासारखा वाटतो.

तंजावरहून परत आलेली दिंडी

देवळाच्या आवारात हरिकथा लागे. चिपळ्या, गळ्यात हार, बाजूला मृदंग आणि पेटी. कथा कानडी, पण मधेच एखादी चाल ऐकून आई दचकायची : ही तर आपली दिंडी! ती साकी! तिचा कान खोटं बोलत नव्हता. व्यंकोजीराजे इथून तंजावरला गेले, त्यांच्या वंशजांनी तिथे १८५५ पर्यंत राज्य केलं आणि मराठी कीर्तनकारांना आसरा दिला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावर कृष्ण भागवतर यांनी या मराठी कीर्तनाची मांडणी आणि ओवी, साकी, दिंडी, अभंग ही वृत्तं घेऊन त्यांची कर्नाटक रागसंगीताशी गाठ घातली. त्यातून दक्षिणेतल्या हरिकथेला नवं रूप मिळालं. कर्नाटकाची हरिदास परंपरा स्वतंत्र आणि जुनी आहे, पण या दोन ओढ्यांचं पाणी पुढे एकमेकांत मिसळत राहिलं. मल्लापुरला इनाम देऊन गेलेल्या राजाच्या घराण्याचं देणं असं दोन शतकांनी, फेरा घेऊन याच भागात ऐकू आलं.

गोंबे आणि गाणी

दसऱ्याला घरोघर ‘गोंबे’ मांडत. पायऱ्यांवर पांढरं कापड, वरच्या पायरीवर राजा-राणीची लाकडी जोडी आणि खाली अख्खं गाव : वाणी, बैलगाडी, लग्नाची वरात, क्रिकेटचा संघ. संध्याकाळी आम्ही पोरं टोळीने निघायचो आणि दारात उभं राहून विचारायचो, ‘‘गोंबे कूरिसिदीरा?’’ म्हणजे बाहुल्या बसवल्यात का? आत बोलावणं व्हायचं, पण हातावर उसली, म्हणजे सुकी उसळ, पडायच्या आधी हुकूम सुटायचा, ‘‘ओंदु हाडु हेळु’’. एक गाणं म्हण! ओळखीचं घर असो वा नसो, यातून सुटका नव्हती. मला एकच मराठी भूपाळी पुरती येत होती. ती मी संध्याकाळी सात वाजता घरोघर म्हणत फिरलो आणि दरवर्षी शाबासकी मिळवली. काही घरांत नंतर नाव न विचारता ‘मराठी हुडुग’, म्हणजे मराठी मुलगा, म्हणूनच ओळखत.

गाता न येणाऱ्यालाही दहा घरांत गायला लावणारा हा रिवाज मल्लेश्वरमने फार उपयोगाचा करून ठेवला होता. कुणाची मुलगी गोड गाते, कुणाचा मुलगा बुजरा आहे, कुणाच्या घरी यंदा बाहुल्या का नाहीत आणि तिथे कोण आजारी आहे, हे सगळं नऊ दिवसांत अख्ख्या क्रॉसला कळायचं.

रामनवमीला पानक, काकडी-मुगाची कोसंबरी आणि नीर मज्जिगे, म्हणजे पातळ ताक, रस्त्यात उभं राहून वाटलं जायचं. गाण्यासाठी मात्र चामराजपेठ गाठायची. तिथे फोर्ट हायस्कूलच्या मैदानात श्री रामसेवा मंडळी १९३९ पासून रामनवमीचा संगीतोत्सव भरवत आली आहे. कर्नाटक संगीताच्या या मांडवात भीमसेनही गायले आहेत. धारवाडचे मास्तर वर्षभर जपून ठेवलेला इस्त्रीचा सदरा भीमसेनांच्या गाण्याच्या दिवशी काढत.

शेजारी कोण कोण

मल्लेश्वरममध्येच ‘पंचवटी’ हे सर सी. व्ही. रामन यांचं घर आहे. १९३३ मध्ये भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक म्हणून ते बेंगळुरूला आले. नोबेल मिळालं ते प्रकाशावरच्या कामाला, पण त्यांचा जीव वाद्यांतही गुंतलेला होता. साध्या ढोलाचे स्वर एकमेकांशी जुळत नाहीत, मग मृदंग आणि तबला सुरात कसे बोलतात? पुडीच्या मधोमध शाईचा थर चढवल्याने कातड्याची कंपनं बदलतात आणि वरचे स्वर मूळ स्वराच्या पटीत येऊन बसतात, हे त्यांनी प्रयोगांनी दाखवलं. मृदंग बनवणाऱ्या कारागिरांनी हे पिढ्यानपिढ्या कानाने साधलं होतं.

चित्रापूर सारस्वतांचा कॅनरा युनियनही इथलाच. तिथल्या सभागृहात लग्नं लागत आणि लग्न नसलं की बॅडमिंटन खेळलं जाई. १९८० मध्ये ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकणारे प्रकाश पदुकोण याच सभागृहात खेळायला शिकले. एकाच छताखाली मंगलाष्टकं आणि सराव दोन्ही चालायचं, त्यामुळे लग्नसराई आली की खेळाला सुट्टी.

जवळच वय्यालिकावलच्या अंगाला १९८० मध्ये चौडय्या स्मारक सभागृह उभं राहिलं. इमारतीचा आकार व्हायोलिनचा, तारा-खुंट्यांसकट. तिरुमकुडलूसारख्या खेड्यातून आलेल्या टी. चौडय्या यांनी सात तारांचं व्हायोलिन वापरात आणलं, कारण त्या काळी ध्वनिक्षेपक नसत आणि शेवटच्या रांगेत बसलेल्या श्रोत्यापर्यंत आवाज पोचवायचा होता. वठारातल्या बायका या सभागृहात मैफलीला जात, तेव्हा परत येताना गवयापेक्षा कोण कुणाशेजारी बसलं होतं याची चर्चा जास्त व्हायची.

आता

आमचं वठार पडलं आणि तिथे पाच मजली इमारत आली. बहुतेक वठारांचं तेच झालं. पेठेकडे तोंड करून बसलेलं शहर आता संगणक उद्योगाच्या दिशेने, पूर्वेला आणि दक्षिणेला धावतं आहे. मल्लेश्वरममधली मुलं तिकडे कामाला जातात आणि रहदारीतून रात्री उशिरा परततात. शेजारच्या खोलीतली ‘रि’ सुधारायला आता कुणी मोकळं नसतं, आणि भिंतीही जाड झाल्या आहेत.

तरी गाणं इथून उठून गेलेलं नाही, त्याने फक्त अंगण बदललं. काडु मल्लेश्वराच्या झाडीत उघडा रंगमंच आहे. परिसरातल्या लोकांनी चालवलेला ‘काडु मल्लेश्वर गेळेयर बळग’ हा मित्रमेळा तिथे पौर्णिमेच्या रात्री ‘हुण्णिमे हाडु’, म्हणजे पौर्णिमेची गाणी, भरवत आला आहे. समोरच्या गंगम्मा या ग्रामदेवतेची जत्रा होते, तेव्हा हे रस्ते कुठल्याही खेड्यातल्या जत्रेसारखे फुलतात. ‘अनन्य’सारखी संस्था मैफली भरवते, संगीताचं ग्रंथालय सांभाळते. आणि १९९७ मध्ये देवळासमोरच्या मोकळ्या जागेत खोदकाम सुरू असताना मातीखालून एक पायऱ्यांची पुष्करणी निघाली : नंदीच्या मुखातून पडणारं पाणी खालच्या शिवलिंगावर अखंड धार धरतं. त्या जागेवर इमारत न होता हे नंदीतीर्थ राहिलं, कारण आजूबाजूचे रहिवासी त्यासाठी उभे राहिले. जाड भिंतींच्या आडही शेजार शिल्लक आहे, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

मराठी प्रवासी बेंगळुरूला येतो तो बहुधा कामासाठी किंवा म्हैसूर-उटीच्या वाटेवर. त्याने एक सकाळ इथे द्यावी. सातच्या आत देऊळ आणि नंदीतीर्थ पाहावं, मार्गोसा रस्त्यावर सीटीआर या उपाहारगृहाचा बेण्णे, म्हणजे लोण्याचा, डोसा किंवा वीणा स्टोअर्सची इडली रस्त्यात उभं राहून खावी, १८८२ चं सँकी तळं चालत गाठावं. दसऱ्यात आलात, तर कुणाच्याही ओळखीने एखाद्या घरच्या बाहुल्या बघायला जावं. उसली मिळेल, पण आधी गाणं म्हणावं लागेल. एखादं तयार ठेवा. मराठी चालतं, त्याची खात्री मी देतो.