संगणकाला काम सांगताना

विद्यार्थी मित्रांनो, संगणकाची आज्ञावली लिहायला शिकावे, असे तुमच्यापैकी पुष्कळांना वाटत असेल. पण मनात शंकाही येत असतील. 'माझे इंग्रजी कच्चे आहे.' 'आमच्या घरी संगणक नाही.' 'मग हे मला जमेल का?' या शंकांचे उत्तर आपण शोधू या. पण त्याआधी थोडा वेळ मोसंबीच्या बागेत जाऊ या.

आपला जालना जिल्हा मोसंबीसाठी प्रसिद्ध आहे. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. फळांची तोडणी झाली, की लहान आणि मोठी फळे वेगळी करावी लागतात. समजा, या कामासाठी बागेत एक नवा मदतनीस आला. तो फार कष्टाळू आहे. तो थकत नाही, कंटाळत नाही. पण तो स्वतःच्या डोक्याने काहीच करत नाही. सांगितले तेवढेच करतो. तुम्ही त्याला दोन सूचना दिल्या :

१. फळाचे वजन १५० ग्रॅमपेक्षा जास्त असेल, तर ते मोठ्या टोपलीत टाक.
२. फळाचे वजन १५० ग्रॅमपेक्षा कमी असेल, तर ते लहान टोपलीत टाक.

संध्याकाळी तुम्ही पाहता, तर काही चांगली फळे जमिनीवरच पडलेली! असे का झाले? त्या फळांचे वजन बरोबर १५० ग्रॅम होते. त्यांचे काय करायचे, हे तुम्ही सांगितलेच नव्हते. आणि मोठ्या टोपलीत पाहिले, तर तिच्यात काही सडकी फळेही होती. सडके फळ बाजूला काढ, असेही तुम्ही सांगितले नव्हते. आता रागावणार कोणावर? चूक मदतनिसाची नाही, सूचनांची आहे. म्हणून आपण त्या पुन्हा लिहू :

१. फळ सडके असेल, तर ते बाजूला ठेव आणि पुढचे फळ घे.
२. फळाचे वजन १५० ग्रॅम किंवा त्याहून जास्त असेल, तर ते मोठ्या टोपलीत टाक.
३. नाहीतर ते लहान टोपलीत टाक.
४. फळे संपेपर्यंत असेच करत राहा.

आता एकही फळ सुटणार नाही. सूचनांचा क्रमही नीट पाहा. सडक्या फळाची सूचना शेवटी लिहिली असती, तर ते फळ आधीच टोपलीत जाऊन पडले असते.

हा मदतनीस म्हणजेच संगणक. त्याला समजेल अशा भाषेत लिहिलेल्या सूचना म्हणजे आज्ञावली. तिलाच प्रोग्रॅम म्हणतात. माणूस अर्धवट बोललेलेही समजून घेतो, पण आज्ञावली चालवताना संगणक लिहिले असेल तेवढेच करतो. म्हणून आज्ञावली शिकणे म्हणजे आधी स्वच्छ विचार करायला शिकणे.

काम पुरे करण्याच्या अशा पायऱ्यांना 'अल्गोरिदम' म्हणतात. हा शब्द कोठून आला, ठाऊक आहे? नवव्या शतकात बगदाद येथे अल्-ख्वारिज्मी नावाचे थोर गणितज्ञ होऊन गेले. त्यांच्या नावाच्या लॅटिन रूपावरून हा शब्द तयार झाला. उर्दूत तुम्ही बीजगणिताला 'अलजब्रा' म्हणता. तो शब्दही त्यांच्याच ग्रंथाच्या नावातील 'अल्-जब्र' या शब्दावरून आला. भारतीय अंकांनी आकडेमोड कशी करावी, हेही त्यांनी लिहून ठेवले. तेव्हा संगणक नव्हता, पण पायरीपायरीने काम मांडण्याची रीत होती.

म्हणून पहिला सल्ला हा, की सुरुवात वही आणि पेन्सिलने करा. एखादे काम निवडा. वर्गातील सर्वांत उंच मुलगा कसा शोधायचा, किंवा दुकानदाराने सुटे पैसे कसे परत द्यायचे. त्याच्या पायऱ्या उर्दूत लिहा किंवा मराठीत लिहा. मग मैत्रिणीला किंवा मित्राला संगणक व्हायला सांगा. त्याने लिहिले असेल तेवढेच करायचे. तो जेथे अडेल, तेथे तुमची सूचना अपुरी आहे.

दुसरा सल्ला : इंग्रजीला घाबरू नका. 'सी' ही संगणकाची नावाजलेली भाषा आहे. १९८९ साली तिचे प्रमाणित रूप ठरले, तेव्हा तिच्यात राखीव शब्द फक्त ३२ होते. एवढे शब्द तर तुम्ही एका आठवड्यात पाठ कराल. पुढे पुस्तके वाचण्यासाठी इंग्रजी लागते, हे खरे आहे. पण ते शिकता शिकता वाढवता येते. मात्र एका वेळी एकच भाषा धरा. आज ही, उद्या ती, असे केले तर एकही धड येत नाही.

तिसरा सल्ला : मोठ्या कामाचे लहान तुकडे करा. १९८७ च्या सुमारास भारताला हवा तसा महासंगणक परदेशातून मिळेना. तेव्हा १९८८ साली पुण्यात 'सी-डॅक' ही संस्था स्थापन झाली. अकोला जिल्ह्यातील मुरंबा या गावी जन्मलेले डॉ. विजय भटकर तिचे प्रमुख होते. १९९१ साली या संस्थेने 'परम ८०००' हा महासंगणक तयार केला. त्याची युक्ती काय होती? एकाच प्रचंड यंत्रावर सारा भार न टाकता काम वाटून अनेक लहान प्रक्रियकांकडून एकाच वेळी करून घेणे. तुम्हीही एकदम मोठा खेळ बनवायला बसू नका. आधी दोन संख्यांची बेरीज करणारी चार ओळींची आज्ञावली लिहा. ती चालली, की पाचवी ओळ जोडा.

चौथा सल्ला : चुकीची लाज बाळगू नका. आज्ञावलीतील चुकीला 'बग' म्हणजे किडा म्हणतात. यंत्रातील दोषाला हे नाव जुनेच होते. पण १९४७ साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या 'मार्क २' या संगणकात खरोखरच एक पतंग अडकलेला सापडला! तेथील लोकांनी तो नोंदवहीत चिकटवून ठेवला. प्रसिद्ध संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर तेथेच काम करत होत्या. तुम्हीही एक नोंदवही ठेवा. काय चुकले, का चुकले आणि कसे सुधारले, हे तिच्यात लिहा. चूक शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदला. चार गोष्टी एकदम बदलल्या, तर नेमके कशामुळे दुरुस्त झाले, हे कळत नाही.

पाचवा सल्ला : नक्कल करून थांबू नका. आज सांगताच आज्ञावली लिहून देणारी साधनेही आली आहेत. त्यांची मदत घेण्यास हरकत नाही. पण प्रत्येक ओळ काय करते, हे स्वतःला सांगता आले पाहिजे. दुसऱ्याने गणित सोडवले, म्हणून आपल्याला गणित येत नाही. आणि त्या साधनाने १५० ग्रॅमचे फळ विसरले, तर ते ओळखणार कोण?

शेवटी एक गोष्ट लक्षात ठेवा. पूर्वी उर्दू वर्तमानपत्रे कातिब हाताने लिहीत असत. नस्तालीक लिपीची वळणे यंत्रात बसवणे फार अवघड होते. १९८१ साली 'नूरी नस्तालीक' हे अक्षरवळण आले. पुढे १९९० च्या दशकात 'इनपेज' ही उर्दू मजकुराची आज्ञावली भारतातच तयार झाली. आपली भाषा पडद्यावर दिसावी, म्हणून कोणीतरी चिकाटीने बसले, चुकले आणि पुन्हा बसले. आपल्या गावाची, बाजाराची, शाळेची अडचण तुमच्याइतकी कोणाला ठाऊक आहे? ती सोडवण्याच्या पायऱ्या आज वहीत लिहा. शाळेत संगणकापुढे बसण्याची पाळी येईल, तेव्हा तुम्ही रिकाम्या हातांनी जाणार नाही.

स्वाध्याय
१. मदतनिसाने काही चांगली फळे जमिनीवरच का ठेवली?
२. सडक्या फळाची सूचना आधी का लिहावी लागली?
३. सकाळी दप्तर भरण्याच्या पायऱ्या क्रमाने लिहा. आपल्या शेजाऱ्याला त्याप्रमाणे दप्तर भरायला सांगा. तो कोठे अडला, ते वहीत लिहा.