परतीची नळी किती जाड?

डेअरीत पाश्चरीकरणासाठी लागणारे पाणी हीट एक्स्चेंजरमध्ये वाफेने तापवतात. वाफ निरपेक्ष 4 बार दाबाची आहे असे समजू. अशी 1 किलोग्रॅम वाफ सुमारे 460 लिटर जागा व्यापते. अप्रकट उष्मा दिल्यावर तिचे 144 अंश सेल्सिअसचे पाणी होते. आकारमान जेमतेम 1.1 लिटर! मग परतीची नळी बारीक चालेल?

येथेच फसगत होते. स्टीम ट्रॅपमधून हे पाणी वातावरणाच्या दाबाला आले, की 100 अंशांपेक्षा गरम राहूच शकत नाही. (वाफ जिरण्याआधी कुकर उघडला, तर आतले पाणी उसळते ते याचमुळे.) दर किलोग्रॅममागे सुमारे 186 किलोज्यूल उष्णता जादा ठरते, 1 किलोग्रॅम पाण्याची वाफ व्हायला 2257 लागतात. भागाकार करा : सुमारे 8 टक्के पाण्याची पुन्हा वाफ. वजन 82 ग्रॅम, आकारमान मात्र 137 लिटर!

ताशी 100 किलोग्रॅमसाठी नुसत्या पाण्याचा वेग सेकंदाला 1 मीटर धरला तर 6 मिलिमीटर व्यास पुरेसा वाटतो. या वाफेला सेकंदाला 15 मीटर वेगानेही 18 मिलिमीटर लागतात. नळी अरुंद असली, तर उलटा दाब वाढून पाणी एक्स्चेंजरमध्ये तुंबते. शिवाय वेगवान वाफ पाण्याचे लोंढे वळणांवर आदळवते. त्या ठोक्यांनी जोड फुटून माणसे भाजू शकतात.