शेवंतीचा बल्ब कधी लावायचा, कधी बंद करायचा?

मैत्रिणींनो, आपल्या बऱ्याच गटांनी शेडनेटमध्ये किंवा पॉलीहाऊसमध्ये शेवंती लावली आहे. वाफ्यावर रात्री बल्ब लावतात, हेही आता पुष्कळ जणींना माहीत आहे. पण बल्ब किती दिवस ठेवायचा, हे नीट कळलं नाही तर वीजबिलही येतं आणि फूलही वेळेवर येत नाही. गटाचा हप्ता फुलावर ठरलेला असेल, तर ही चूक महागात पडते.

शेवंती रात्र मोजते

शेवंतीला दिवस मोठा आणि रात्र लहान मिळाली की ती उंच वाढते, पानं धरते. रात्र मोठी झाली की ती वाढ थांबवते आणि कळी धरते. आपल्या पुण्याकडे जूनमधला सगळ्यात मोठा दिवससुद्धा सव्वातेरा तासांचाच असतो आणि डिसेंबरात तो अकरा तासांवर येतो. म्हणजे आपल्याकडे रात्र बहुतेक वेळा कळी धरण्याइतकी मोठी असतेच. त्यामुळे रोप वीतभर असतानाच कळी येते, दांडी आखूड राहते आणि दांडीच्या फुलाला भाव मिळत नाही.

यासाठी रात्री 10 ते 2 असे चार तास बल्ब लावतात. बाळ मध्येच उठलं की आपली झोप कशी तुटते, तशीच झाडाची मोठी रात्र तुटून दोन लहान रात्री होतात. मग शेवंतीला वाटतं, अजून वाढायचेच दिवस आहेत.

वाढीच्या काळात

- रोपं लावली त्या रात्रीपासून बल्ब सुरू करा. उजेड फार प्रखर लागत नाही. शेंड्याजवळ कागद धरला तर बारीक अक्षरं सहज वाचता यावीत, एवढा पुरे. वाफ्याच्या कोपऱ्यातही वाचून बघा. तिथे अंधार राहिला तर तेवढीच रोपं आधी कळी धरतात.
- बल्ब पिवळसर उजेडाचा घ्या. निळसर उजेडाचा या कामाला तितका उपयोगी नाही.
- रोपं वाढतील तसे बल्ब वर घ्या. त्यासाठी दोरीला गाठ मारून टांगले की काम सोपं होतं.
- एखाद्या रात्री वीज गेली तर घाबरू नका. पण लागोपाठ रात्री अंधार गेला तर कळी धरायला सुरुवात होते.

फुलाच्या काळात

दांडी हवी तेवढी झाली की बल्ब पूर्ण बंद करा. इथून पुढे अंधार हेच खत समजा. थोडा वेळ लावू, मग बंद करू, असं करू नका. कळी धरताना मध्येच उजेड मिळाला तर फूल वेडंवाकडं येतं. रस्त्यावरचा दिवा किंवा घरासमोरचा बल्ब वाफ्यावर पडत असेल तर तिकडून काळं कापड लावा. दिव्याजवळची शेवंती हिरवीच राहिली आणि बाकीची फुलली, असं पाहिलं असेल तर त्याचं कारण हेच.

बल्ब बंद केल्यापासून फूल उमलायला जातीप्रमाणे साधारण 7 ते 12 आठवडे लागतात. रोपं घेताना रोपवाटिकेत हा आकडा विचारून वहीत लिहा. मग तारीख उलटी मोजा. समजा, मार्गशीर्षाच्या गुरुवारांसाठी 1 डिसेंबरला फूल हवं आहे आणि जात 9 आठवड्यांची आहे. तर बल्ब 29 सप्टेंबरला बंद करायचे. त्याआधी वाढीला 5 आठवडे द्यायचे, म्हणजे लागवड 25 ऑगस्टला.

बिलाचा हिशेब

10 वॅटचे 50 एलईडी बल्ब रोज 4 तास लावले तर रात्रीला 2 युनिट होतात, महिन्याला 60. जुने 60 वॅटचे बल्ब असतील तर तेच महिन्याला 360 युनिट. बिलावरच्या दराने गुणा आणि मासिक बैठकीत आकडा मांडा.

रात्री 2 वाजता बल्ब बंद करायला कुणा ताईने उठून जाऊ नये. टायमर बसवा. ओल्या जागेत वायर उघडी ठेवू नका. जोडणी वायरमनकडूनच करून घ्या आणि गळती झाली की वीज तोडणारा स्विच बसवा.

एक गोष्ट लक्षात ठेवा. शेजारच्या शेतात ड्रॅगन फ्रूटवर हिवाळ्यात बल्ब दिसले म्हणून फुलाच्या काळात तुम्ही शेवंतीवर लावू नका. ड्रॅगन फ्रूटला फूल यायला मोठा दिवस लागतो, शेवंतीला मोठी रात्र. बल्ब एकच, पण काम उलटं.

पुढच्या बैठकीत तीन तारखा वहीत लिहूनच उठा: लागवडीची, बल्ब बंद करायची आणि तोडणीची.