वित्तीय विश्लेषणाचे पदव्युत्तर शिक्षण : गैरसमज आणि वस्तुस्थिती

वाणिज्य शाखेची पदवी हाती पडलेल्या विद्यार्थ्यांच्या आणि त्यांच्या पालकांच्या मनात वित्तीय विश्लेषणाच्या पदव्युत्तर शिक्षणाविषयी ज्या कल्पना घर करून बसल्या आहेत, त्यांतील सर्वांत बळकट कल्पना अशी की, जमाखर्च, ताळेबंद आणि नफातोटा पत्रक एकदा शिकून झाल्यावर तेच पुन्हा दोन वर्षे जाड ग्रंथांतून वाचावयाचे असते. वस्तुतः रोजकीर्दीतील नोंद खतावणीमार्गे ताळेबंदापर्यंत बिनचूक नेणे ही लेखापालाची विद्या आहे; आणि तयार ताळेबंद समोर ठेवून हे आकडे संभवनीय आहेत काय, असल्यास ते कशाच्या बळावर उभे आहेत, व पुढील पाच वर्षांत त्यांचे काय होईल, याचा धांडोळा घेणे ही विश्लेषकाची. पहिली येत असल्याखेरीज दुसरी साधत नाही, हे मात्र खरे.

समजा, दोन कारखान्यांचा भागधारकांच्या निधीवरील परतावा सारखाच, शेकडा 18 आहे. पहिल्याला विक्रीवर शेकडा 9 निव्वळ नफा सुटतो, त्याची वार्षिक विक्री एकूण मालमत्तेइतकी आहे आणि मालमत्ता स्वनिधीच्या दुप्पट आहे. दुसऱ्याला विक्रीवर अवघे शेकडा 3 सुटतात, विक्री मालमत्तेच्या दीडपट आहे, आणि मालमत्ता स्वनिधीच्या चौपट, म्हणजे तिचे तीन चतुर्थांश परक्या पैशावर उभे आहेत. तिन्ही आकड्यांचा गुणाकार दोन्हीकडे 18च येतो. परंतु व्याजाचा दर चढला अथवा मागणी मंदावली, की दुसऱ्याच्या तुटपुंज्या नफ्याची वाट लागावयास वेळ लागत नाही. कर्ज मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याने दोघांना एकाच मापाने मोजले, तर बँकेच्या ठेवीदारांचे ते दुर्दैवच म्हणावे लागेल.

लेखापरीक्षकाची सही झाली म्हणजे विश्लेषकाला काम उरत नाही, ही समजूतही तितकीच रूढ आहे. 7 जानेवारी 2009 रोजी सत्यम कॉम्प्युटर्सचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी संचालक मंडळास लिहिलेल्या पत्रात कबूल केले की, 30 सप्टेंबर 2008च्या ताळेबंदात दाखविलेल्या 5,361 कोटी रुपयांच्या रोख व बँकशिल्लकेपैकी 5,040 कोटी अस्तित्वातच नव्हते, आणि 376 कोटींचे येणे व्याजही तसेच काल्पनिक होते. त्या तिमाहीचा 649 कोटींचा कार्यकारी नफा प्रत्यक्षात 61 कोटी होता. कंपनीच्या वार्षिक हिशेबांवर वर्षानुवर्षे सह्या होत आल्या होत्या, दोन्ही बाजूंच्या बेरजा जुळत होत्या, आणि अनेक अनुभवी विश्लेषकांनाही त्यातील मेख उमगली नाही. बेरीज जुळणे हा सत्याचा पुरावा होत नाही, हे विद्यार्थ्याच्या अंगी मुरविणे हेच या शिक्षणाचे मुख्य प्रयोजन होय, असे माझे ठाम मत आहे.

गणिताची धास्ती बाळगणाऱ्यांनी थोडा धीर धरावा. पाच वर्षांनी मिळावयाच्या एक लाख रुपयांचे, शेकडा 10 दराने, आजचे मोल सुमारे 62,092 रुपये होते; हे ज्याला उमगले त्याने मूल्यांकनाचा उंबरठा ओलांडला. पुढे संख्याशास्त्राचा नेटाने अभ्यास करावा लागतो, पण तो दर 10च का धरला, 14 का नाही, याचे समर्थन करणे हे आकडेमोडीपेक्षा पुष्कळ अवघड असते.

शेअर बाजारातील खरेदी-विक्रीचा सल्ला देणे म्हणजेच विश्लेषण, हा समज व्यवसायाचा एकच कोपरा पाहून झालेला आहे. बँकांचे कर्जविभाग, 1987 साली स्थापन झालेल्या क्रिसिलसारख्या पतमापन संस्था, विमा कंपन्या आणि कारखान्यांची अंदाजपत्रकी दफ्तरे येथेही हीच विद्या चालते. शिवाय लोकांना रोख्यांविषयी शिफारशी देणाऱ्या संशोधन विश्लेषकास 2014च्या नियमावलीनुसार सेबीकडे नोंदणी करावी लागते.

पदवी आणि सनद यांतील घोटाळाही निस्तरला पाहिजे. एम.कॉम. ही विद्यापीठाची पदवी आहे. सीएफए ही अमेरिकेतील व्यावसायिक संस्थेची सनद. तिची पहिली परीक्षा 1963 साली झाली, आणि आजही तीन पायऱ्यांच्या परीक्षा उत्तीर्ण होऊन, किमान 36 महिन्यांत मिळून 4,000 तासांचा संबंधित कामाचा अनुभव दाखविल्यावाचून ती हाती पडत नाही. कंपन्यांच्या वैधानिक लेखापरीक्षणाचा अधिकार मात्र सनदी लेखापालांचाच आहे. वित्तीय विश्लेषणाची कोणतीही पदवी तो देत नाही. सेबीने 2006 साली स्थापिलेली आणि रायगड जिल्ह्यात पाताळगंगेस परिसर असलेली राष्ट्रीय रोखे बाजार संस्था अभ्यासक्रमही चालविते आणि बाजारातील कामासाठी आवश्यक त्या प्रमाणन परीक्षाही घेते. या दोहोंत गल्लत करू नये.

प्रवेश घेण्यापूर्वी संस्थेच्या इमारतीपेक्षा एवढीच चौकशी करावी, की तेथील विद्यार्थ्याला एखाद्या खऱ्या कंपनीचे मूल्यांकन, वार्षिक अहवालाच्या टिपांसह, आरंभापासून शेवटपर्यंत स्वतः करावे लागते काय. आपला कल तपासण्यास तर प्रवेशाचीही गरज नाही. सूचीबद्ध कंपन्यांचे अहवाल विनामूल्य मिळतात. त्यांपैकी एकीचे पाच वर्षांचे अहवाल घेऊन दर वर्षीचा नफा आणि व्यवसायातून प्रत्यक्ष आलेली रोकड यांचे दोन रकाने वहीत शेजारी मांडावेत, आणि ज्या वर्षी त्यांत मोठी तफावत दिसेल, त्या वर्षीच्या टिपांत तिचे कारण शोधावे.