समुद्रावरील विजेचा वेध

भूमीवर वीज कडाडली तर तिला साक्षी पुष्कळ मिळतात. भर समुद्रांत ती चमकली तर पाहणार कोण? जवळून एखादें जहाज जात असेल तर त्यावरील खलाशी. एरव्हीं कोणीच नाहीं. पृथ्वीचा सुमारें सत्तर टक्के पृष्ठभाग जलमय आहे. त्यामुळें एकंदर विजा किती व कोठें होतात, हें दीर्घ काळ अनुमानानेंच ठरवावें लागे. ती उणीव कृत्रिम उपग्रहांनीं भरून काढिली.

रात्रीं वरून वीज पाहणें सोपें. दिवसां मात्र ढग उन्हानें इतके झळकतात, कीं विजेचा उजेड त्यांत लोपून जातो. यावरचा उपाय मोठा चतुराईचा आहे. विजेच्या मार्गांतील प्राणवायूचे अणू तप्त होऊन ७७७.४ नॅनोमीटर तरंगलांबीचा, तांबड्या रंगाच्या टोकाचा, प्रकाश फेंकतात. तेवढाच आंत घेणारी गाळणी कॅमेऱ्यास लावितात. मग सेकंदास सुमारें ५०० चित्रें घेऊन प्रत्येकांतून ढगाची स्थिर झळाळी वजा करितात. उरते ती क्षणमात्र चमकलेली वीज.

१९९५ सालीं सोडलेल्या अशा उपकरणानें पांच वर्षें हिशेब ठेविला. पृथ्वीवर दर सेकंदास सरासरी ४४ च्या आसपास विजा चमकतात, आणि त्या समुद्रापेक्षां भूमीवर जवळजवळ दसपट दाट असतात, असें त्यावरून दिसलें. कारण असें : तापलेल्या भूमीवरून हवा जोरानें वर चढते, उंचावर हिमकण व मऊ गारा एकमेकांवर आदळतात व विद्युद्भार विभागला जातो. समुद्रावर हा वेग मंद असतो. शिवाय तेथील हवा स्वच्छ. म्हणून ढगांतले थेंब थोडे पण मोठे होतात आणि गोठण्यापूर्वींच पाऊस होऊन गळतात.

फिरत्या उपग्रहास एक जागा दीड मिनिटच दिसे. म्हणून विजेच्या रेडिओलहरी टिपणारीं भूस्थानकें जोडीस आलीं. त्यांच्या नोंदींत २०१७ सालीं एक नवल उघड झालें. श्रीलंकेच्या दक्षिणेकडून मलाक्काच्या सामुद्रधुनीकडे जाणाऱ्या जहाजांच्या वाटेवर विजा आसपासच्या मानानें सुमारें दुप्पट होत्या! जहाजांच्या धुरांतले कण हवेंत मिसळून थेंब बारीक करितात. ते वर जाऊन गोठतात. २०२० पासून जहाजी इंधनांतील गंधकाची मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आणली गेली, आणि त्या वाटेवरील विजा जवळजवळ निम्म्यानें उतरल्या. मनुष्याचा धूर मेघांच्या गर्भापर्यंत पोंचतो, याचा हा दाखला.

आतां सुमारें ३५,८०० किलोमीटर उंचीवरून एकाच भागाकडे अखंड पाहणारे उपग्रह आहेत. २०१६ सालीं अमेरिकेनें व २०२२ सालीं युरोपनें असे उपग्रह सोडले. वीज ढगांतच विझली कीं पाण्यावर पडली, हें नुसत्या उजेडावरून नीट ओळखतां येत नाहीं. तथापि रडारच्या टप्प्याबाहेर वादळ बळावत असलें, तर विजांच्या वाढत्या संख्येवरून तें मिनिटांत कळतें. आणि भर समुद्रावरील वैमानिकास किंवा नाविकास वाट बदलण्यास अवधि मिळतो.